एका टँकरमध्ये किती मोल?

वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. आपल्याकडे बरेच जण तिला नाला म्हणतात, आणि रंग-वास बघता त्यांना दोष देता येत नाही. नोव्हेंबर २०१४च्या अखेरीस उल्हासनगरमध्ये पहाटेच्या वेळी या नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं. विषारी वायू पसरला आणि काठच्या वस्तीतल्या शेकडो लोकांना मळमळ, श्वासाचा त्रास होऊन दवाखाना गाठावा लागला.

अशा बातमीत 'घातक रसायन' एवढंच लिहिलेलं असतं. केमिस्ट्रीवाल्याला पुढचा प्रश्न पडतो तो म्हणजे, किती? किती रसायनातून किती वायू होतो? याचं उत्तर नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात आहे. तोच धडा, जो बहुतेकांनी दोन मार्कांच्या गणितापुरता पाठ केला आणि सोडून दिला.

नदीपात्रात घडणाऱ्या अशा प्रकारांत पहिला संशयित असतो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. रंग, चामडं अशा उद्योगांत सल्फाइडची रसायनं सर्रास वापरतात. उदाहरणासाठी सोडिअम हायड्रोसल्फाइड घेऊ. अल्कलीयुक्त पाण्यात ते बऱ्यापैकी शांत असतं. आम्ल भेटलं, की त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. म्हणजे दोन वेगवेगळे टँकर एकेकटे असताना जेवढे त्रासदायक, त्याहून एकाच नाल्यात एकत्र आले की कितीतरी जास्त.

आता हिशोब. रेणू एकमेकांना नगावर भेटतात, किलोवर नाही. सल्फाइडच्या एका रेणूला हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक रेणू लागतो. पण रेणू मोजणार कसे? म्हणून 'मोल' हा गठ्ठा. एका मोलमध्ये ६.०२२ × १०²³ कण. डझन म्हटलं की जसे १२, तसंच. सोय अशी, की या गठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे त्या पदार्थाचं रेणुवस्तुमान. सोडिअम २३, हायड्रोजन १, गंधक ३२, बेरीज ५६. म्हणजे ५६ ग्रॅम सोडिअम हायड्रोसल्फाइड म्हणजे १ मोल, आणि ५६ किलो म्हणजे १००० मोल.

हे १००० मोल पूर्ण उडवायला १००० मोल हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे ३६.५ किलो. सल्फ्युरिक आम्ल असेल तर गंमत बघा. त्याचा एक रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून ५०० मोलच पुरतात. रेणुवस्तुमान ९८, तेव्हा ४९ किलो. नुसते किलो बघितले तर सल्फ्युरिक 'जास्त' लागलं असं वाटेल. मोलमध्ये ते निम्मंच आहे. आमच्या लॅबच्या वहीत प्रत्येक रसायनापुढे ग्रॅमच्या शेजारी मोलचा रकाना असतो तो याचसाठी. ग्रॅम वजनकाट्यासाठी, मोल डोक्यासाठी.

आम्ल कमी पडलं तर? समजा, सल्फ्युरिक फक्त ९.८ किलो आहे, म्हणजे १०० मोल. तेवढ्यातून २०० मोलच वायू होईल, उरलेलं सल्फाइड पाण्यात तसंच राहील. जे आधी संपतं ते किती माल तयार होणार हे ठरवतं. पोळीभाजीचे डबे भरताना भाजी ढीगभर असली तरी पोळ्या संपल्या की डबे थांबतात, तसंच. पण उरलेलं सल्फाइड निघून गेलेलं नसतं. खाली प्रवाहात पुढचं आम्ल भेटलं, की ते पुन्हा सुरू होतं.

पुरेसं आम्ल आहे असं धरून पुढे जाऊ. १००० मोल सल्फाइड, तर १००० मोल वायू. २५ अंश सेल्सिअसला आणि हवेच्या नेहमीच्या दाबाला कुठल्याही वायूचा एक मोल साधारण २४.५ लीटर जागा घेतो. म्हणजे २४,५०० लीटर, २४.५ घनमीटर. चाळीतली १० बाय १०ची, ९ फूट उंचीची खोली साधारण २५ घनमीटरची असते. दोन माणसं उचलतील अशा एका गोणीएवढ्या रसायनातून एक अख्खी खोली भरून शुद्ध हायड्रोजन सल्फाइड.

शुद्ध वायू अर्थातच कोणाच्या नाकाशी येत नाही, हवेत मिसळून येतो. म्हणून पुढचा आकडा जास्त महत्त्वाचा. १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या १०,००० भागांत या वायूचा १ भाग, ही पातळी जिवाला तातडीचा धोका मानली जाते. याच पातळीच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. 'आता वास गेला' असं वाटणं हे इथे चांगलं लक्षण नव्हे! तर आपली एक खोली वायू १०,००० खोल्यांमधली हवा या पातळीला नेऊ शकते.

प्रत्यक्षात असं सरसकट होत नाही, हेही सांगायला हवं. वारा वायू पातळ करतो, काही भाग पाण्यात विरघळून राहतो आणि हळूहळू सुटतो. मोलचा हिशोब कमाल मर्यादा सांगतो, रोजची हवा नाही. मात्र हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड आहे (त्याचं रेणुवस्तुमान ३४, हवेचं सरासरी २९). थंडीतली पहाट, वारा पडलेला, खोलगट नाला आणि काठाला चिकटून घरं असतील तर जिथे तो सुटतो तिथेच रेंगाळतो.

आता हेच रसायन नीट निपटायचं म्हटलं तर किती खर्च? एक मार्ग म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. त्याचंही रेणुवस्तुमान ३४ आहे, हा निव्वळ योगायोग. उदासीन पाण्यात सल्फाइडच्या एका मोलला पेरॉक्साइडचा एक मोल लागतो आणि गंधक खाली बसतं. पण तिथे सल्फाइडचा बराच भाग वायूच्या रूपात येऊ पाहतो. म्हणून पाणी अल्कलीयुक्त ठेवणं सुरक्षित, आणि तिथे सल्फाइड थेट सल्फेटपर्यंत जातं. त्याला एका मोलमागे चार मोल लागतात.

समजा, १० टनांचा टँकर आहे आणि त्यात सल्फाइड फक्त १ टक्का. म्हणजे १०० किलो, साधारण १,७८६ मोल. चारपट पेरॉक्साइड म्हणजे ७,१४३ मोल, सुमारे २४३ किलो. बाजारातलं पेरॉक्साइड ५० टक्क्यांचं धरलं तर ४८६ किलो. एक टक्क्यासाठी जवळजवळ अर्धा टन, वर टाकी, पंप, ते चालवणारा माणूस आणि वेळ. नदीत ओतायला लागतं डिझेल आणि अंधार.