टॉवेल किती मोठा, शिलाई किती लांब

चादरींइतकंच सोलापूर टेरी टॉवेलसाठीही ओळखलं जातं; दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. 140 सेंमी लांब आणि 70 सेंमी रुंद असा एक टॉवेल घेऊ. लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ: 9800 चौरस सेंमी, म्हणजेच 0.98 चौरस मीटर. (एका चौरस मीटरात 10,000 चौरस सेंमी असतात, 100 नव्हे; गफलत बहुधा इथेच होते.) टॉवेलचा जाडपणा दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर सांगतात. 500 ग्रॅमचं कापड असेल, तर हा टॉवेल भरेल 490 ग्रॅम. सूत किती लागणार याचा अंदाज येतो तो क्षेत्रफळावरूनच.

शिलाईचा हिशेब मात्र परिमितीचा. लांबी-रुंदीची बेरीज करून दुप्पट करायची: 420 सेंमी. अर्थात लांबीकडचे काठ मागावरच पक्के विणून आले असतील, तर दोन टोकंच दुमडायची, फक्त 140 सेंमी.

चौरसात काम सोपं: बाजूचा वर्ग हे क्षेत्रफळ, बाजूची चौपट ही परिमिती. 105 सेंमी बाजूच्या चौरसाची परिमिती तीच, 420 सेंमी. क्षेत्रफळ मात्र 11,025 चौरस सेंमी. शिलाई तेवढीच, कापड जास्त! पण चौरस टॉवेलनं पाठ पुसून बघा.