धारणीच्या पाण्यातला मासा : परवाना, ठेका आणि डोंगा

धारणी तालुक्यात मासा धरण्याचा हक्क कोणाला आणि कोणत्या अटींवर, हे माशावरून ठरत नाही; पाणी कोणाच्या हद्दीत आहे यावरून ठरते. मेळघाटातून वाहणाऱ्या खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या शेवटी तापीला मिळतात. त्यांतल्या एखाद्या नदीचा वरचा डोह व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असतो, मधला राखीव वनात आणि खालचा महसुली गावाच्या शिवारात. जाळे तेच, मासाही तोच, पण तीन डोहांना तीन कायदे लागतात. तालुक्यातले बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

याचे मूळ संविधानाच्या सातव्या अनुसूचीत आहे. मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला २१ क्रमांकाचा विषय आहे, म्हणून त्याचे कायदे राज्य करते. वने आणि वन्यप्राण्यांचे संरक्षण हे विषय १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. यंत्रावर चालणाऱ्या नौकांची अंतर्देशीय जलमार्गांवरील वाहतूकही समवर्ती सूचीतच आहे. त्यामुळे मत्स्यव्यवसाय खात्याचा कागद वनखात्याच्या हद्दीत पुरेसा ठरत नाही आणि वनखात्याचा कागद नावेच्या कामाचा नसतो.

‘पावसाळ्यात राज्यभर मासेमारी बंद असते’

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि ती साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे असे वाचणाऱ्याला वाटते. ही बंदी समुद्राची आहे. तिचा आधार असलेला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या राज्याच्या पाण्याला लागू होतो. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढले. २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी धरण्यायोग्य किमान आकार ठरवण्यात आला, तोही समुद्रापुरताच. सिपनेतल्या वाम-मरळीशी या दोन्हींचा संबंध नाही.

मात्र तापीच्या बाबतीत उलट दिशेची चूक महागात पडू शकते. तालुक्याच्या उत्तर सीमेवर तापी आहे आणि पलीकडे मध्य प्रदेश. तिथे १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून नद्यांमध्ये मासेमारी, माशांची वाहतूक आणि विक्री बंद असते. नदीशी संबंध नसलेली छोटी तळी तेवढी या बंदीतून सुटतात. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सीमेपलीकडच्या पाण्यात जाळे टाकणारा धारणीचा आहे की बुऱ्हाणपूरचा, हे तो कायदा पाहत नाही.

दोन्ही काठांचा कायदा पूर्वी एकच होता. १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी मत्स्यव्यवसायाचा अधिनियम झाला तेव्हा मेळघाट त्याच प्रांतात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्राने १९६० चा स्वतःचा मत्स्यव्यवसाय अधिनियम केला. मध्य प्रदेशात मात्र १९४८ चाच अधिनियम दुरुस्त्यांसह चालू राहिला. नदी एक, नातीगोती दोन्ही काठांवर आणि नियम वेगळे, ही स्थिती त्यातून आली. १० मे २०२५ रोजी दोन्ही राज्यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला आहे. त्यातला खारिया-गुटीघाटचा बंधारा याच सीमाभागात प्रस्तावित आहे. तो झाला तर तिथल्या मासेमारीचा प्रश्न दोन कायद्यांच्या मध्ये उभा राहील, आणि त्याची चर्चा सिंचनाच्या आकड्यांइतकी होताना दिसत नाही.

‘झाडपाल्याचे विष चालते, डब्यातले चालत नाही’

उन्हाळ्यात नदी आटून डोह उरले की त्यांत गेळफळ किंवा हिंगणाचे फळ कुटून टाकण्याची पद्धत जुनी आहे. ती ‘नैसर्गिक’ असल्याने कायद्यात बसते असे समजले जाते. भारतीय वन अधिनियम, १९२७ चे कलम २६ राखीव वनात नियमांविरुद्ध मासे मारण्याबरोबरच पाण्यात विष कालवणे हाही गुन्हा मानते, आणि विष झाडाचे की कारखान्याचे असा फरक त्यात नाही. स्फोटके आणि विष वापरून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमापासून गुन्हा आहे.

परिणामाच्या दृष्टीने मात्र फरक आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. गेळफळाने मासा गुंगतो. ब्लीचिंग पावडर किंवा पिकावरचे कीटकनाशक डोहात गेले की बोटुकली, खेकडे, बेडूक सगळेच मरते, आणि त्याच डोहावर जनावरे आणि माणसे पाणी पितात. तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणे त्याहून धोकादायक. तिथे मत्स्यव्यवसायाच्या कायद्याआधी वीजचोरीचे कलम लागते, आणि जीव जाण्याची भीती धरणाऱ्यालाच अधिक.

‘जंगलातला मासा वन्यप्राणी थोडाच आहे’

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत गुंतागुंतीचा गैरसमज. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधल्या ‘वन्यजीव’ या शब्दात मासा येतो. २००२ च्या दुरुस्तीनंतर ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येतही मासा, त्याची पिल्ले आणि अंडी आली. कलम २९ अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव काढून नेण्यास मनाई करते, कलम ३५ राष्ट्रीय उद्यानासाठी तेच सांगते, आणि कलम ३२ अभयारण्यात स्फोटके व घातक रसायने वापरू देत नाही. गुन्ह्यात वापरलेले जाळे, हत्यार किंवा नाव कलम ३९ नुसार सरकारजमा होते. जाळ्यात चुकून कासव आले तर ते तिथेच सोडावे लागते. मऊ पाठीचे कासव अनुसूची १ मधले आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अनुसूची सहाऐवजी चार झाल्या आणि सर्वसाधारण दंडाची मर्यादा २५ हजारांवरून एक लाख रुपयांवर गेली.

पण मेळघाट म्हणजे सगळेच अभयारण्य, हीदेखील चूकच. १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. त्याचा गाभा सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा आहे आणि भोवतीचे बफर क्षेत्र सुमारे १,२६८ चौरस किलोमीटरचे. बफरमध्ये गावे, शेते, राखीव वने सगळे आहे. तिथल्या महसुली शिवारातल्या ओढ्याला कलम २९ लावता येत नाही. गाभा आणि बफर यांत भेद न करता ‘प्रकल्पात बंदी आहे’ असे सांगणाऱ्याला हद्दीचा नकाशा दाखवायला सांगणे रास्त आहे.

दुसरी बाजू वनहक्क कायद्याची, आणि ती गावोगाव सर्वांत कमी माहीत आहे. मासे गौण वनोपजात मोडत नाहीत, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत गौण वनोपज वनस्पतीजन्य असते. म्हणून माशावर हक्क नाही असे सांगितले जाते. परंतु २००६ च्या याच कायद्यातील कलम ३(१)(ड) मासे आणि जलाशयातील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क स्वतंत्रपणे मान्य करते. कायद्यातील ‘वनजमीन’ या शब्दात अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही येतात. हा हक्क आपोआप कागदावर उतरत नाही. ग्रामसभेने ठरावासह सामूहिक दावा करावा लागतो, तो उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जातो. मान्य झालेल्या हक्कपत्रात माशांचा उल्लेख आहे की नाही हे पाहणे महत्त्वाचे. चराई आणि तेंदूपानांचा उल्लेख असून मासे गळालेले असतील तर वाद झाल्यावर तो कागद मदतीला येत नाही. व्याघ्र अधिवासासाठी हक्क बदलायचे असतील तर त्यासाठीही कायद्यात ठरलेली प्रक्रिया आहे, तोंडी हुकूम पुरत नाही.

वनहक्क कायदा येण्याच्या नऊ वर्षे आधी हाच प्रश्न विदर्भाच्या उत्तर सीमेवरून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पेंच राष्ट्रीय उद्यानातल्या तोतलाडोह जलाशयात मासे धरण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने ३०५ आदिवासींना परवाने दिले होते, आणि एका पर्यावरण संस्थेने त्यांना आव्हान दिले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली नव्हती आणि लोकांच्या हक्कांचा निवाडा बाकी होता. मात्र अटी कडक घातल्या : प्रत्येकाला छायाचित्राचे ओळखपत्र, येण्याजाण्याची ठरलेली वाट, आग पेटवण्यास मनाई आणि रोज पकडलेल्या माशांची नोंद. उपजीविका आणि संरक्षण दोन्ही एका कागदावर बसवता येतात, हे त्या निकालाने दाखवले.

‘संस्थेचा सभासद झालो, म्हणजे कुठल्याही तलावात जाळे टाकता येते’

मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व म्हणजे ठेका मिळवण्याची पात्रता. ठेका स्वतंत्र असतो. पाटबंधाऱ्यांच्या मोठ्या-मध्यम जलाशयांतले मासेमारीचे हक्क मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो. ३० जून २०१७ च्या शासन निर्णयातील हे धोरण ३ जुलै २०१९ रोजी सुधारण्यात आले. ठेका ज्या तलावाचा, हक्क त्याच तलावापुरता. बंद काळ, जाळ्याचे आस, बीज सोडण्याचे प्रमाण यांच्या अटी करारातच वाचाव्या लागतात. ठेक्याच्या बंदिस्त तलावातले मासे परवानगीवाचून नेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरी ठरू शकते. वाहत्या नदीतला मासा पकडला जाईपर्यंत कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून तिथे चोरीचे कलम सहसा टिकत नाही.

धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील गौण जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. गावतळ्याचा लिलाव ग्रामसभेला डावलून परस्पर उरकणे या कायद्याच्या हेतूत बसत नाही.

तळ्यात काय सोडायचे याचेही बंधन आहे. देशी मागूर पाळता येतो. ‘थाई मागूर’ म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मासा पाळण्यास देशात बंदी आहे. तो इतर मासे फस्त करतो आणि पुरात तळ्याबाहेर पडला की नदीत ठाण मांडतो.

‘अभ्यासासाठी मासे गोळा करायला परवानगी लागत नाही’

महाविद्यालयांतून प्राणिशास्त्राचे विद्यार्थी नमुने गोळा करायला येतात. अभयारण्यात संशोधनासाठी जायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि प्रवेशाचा परवाना म्हणजे नमुने उचलण्याचा परवाना नव्हे. अनुसूचीतील प्राणी असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम १२ ची वेगळी परवानगी लागते. परदेशी संशोधक सोबत असल्यास जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता हवी. नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना शासनाने नेमलेल्या भांडारात जमा करणे बंधनकारक आहे. खासगी कपाटात ठेवता येत नाही. मत्स्यालयांच्या बाजारासाठी ओढ्यातले रंगीत मासे विकत घेणारा व्यापारी मात्र अभ्यासक नसतो, व्यावसायिक वापरकर्ता असतो, आणि त्याने नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवणे अपेक्षित आहे. स्थानिक रहिवाशांना या पूर्वसूचनेतून सूट आहे.

‘डोंग्याची नोंदणी मुंबईला करावी लागते’

सागरी मासेमारी नौकांची ऑनलाइन नोंदणी हा किनाऱ्यावरचा विषय आहे. नदी-तलावांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आणि जून २०२२ पासून लागू झाला. लोकांना किंवा माल नेणारी, पर्यटकांना फिरवणारी मोटारनाव असेल तर तपासणी, नोंदणी, विमा आणि प्रशिक्षित चालक या सगळ्या गोष्टी आल्या. वल्ह्याच्या नावांची नोंद घेण्याचे काम या कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिले आहे. म्हणजे डोंग्याचा संबंध ग्रामपंचायतीशी येतो. डोंग्याला मोटार बसवून बाजाराच्या दिवशी माणसे पलीकडे सोडू लागले की त्याचा वर्ग बदलतो, आणि बुडून अपघात झाला तर पहिला प्रश्न विम्याचा येतो. थर्माकोलच्या तराफ्याला कोणत्याच वर्गात सुरक्षित म्हणता येणार नाही.

‘पोर्टलवर नाव आले, परवाना मिळाला’

सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मच्छीमारांची नोंदणी होते. ती योजना, कर्ज आणि विम्यासाठी कामी येते. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा दिला, त्याचाही रोख वीजदर, कर्ज आणि विमा यांच्या सवलतींवर आहे. यांपैकी कशानेही एखाद्या डोहात जाळे टाकण्याचा हक्क मिळत नाही. तो हक्क पाण्यागणिक तीन ठिकाणी पडताळता येतो : तलावाचा ठेका अमरावतीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, वनाची हद्द परिक्षेत्र वन अधिकाऱ्याकडे आणि सामूहिक हक्कपत्र ग्रामसभेच्या दप्तरात. जाळे उचलण्याआधी त्या पाण्याचा कागद मागून पाहावा, आणि सामूहिक दाव्यात मासे सुटले असतील तर ग्रामसभेने तो दावा पुन्हा करावा.