अहमदाबाद : वार बघा, खिसा वाचवा

ऑक्टोबर 2023. अहमदाबादेत वर्ल्ड कपचा भारत-पाकिस्तान सामना. त्याच्या काही महिने आधीच हॉटेलांचे भाव असे भडकले, की काही क्रिकेटवेड्यांनी चक्क हॉस्पिटलात खाटा बुक केल्या! रात्रीचा मुक्काम, जेवण आणि वर फुल बॉडी चेकअप. पेपरांत तेव्हा ही बातमी गाजली होती. तर 1 लाख 32 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम असलेल्या या गावी जायचं म्हणजे पंचांगाआधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचं. 14 जानेवारीची उत्तरायण आणि नवरात्रही टाळा. पतंग नाहीतर गरब्यासाठीच जायचं असेल तर मात्र खिसा सैल सोडा, दुसरा इलाज नाही.

एरवी दोन दिवसांच्या स्वस्त सहलीसाठी याच्याइतकं सोयीचं मोठं शहर मुंबईकराला दुसरं नाही. शुक्रवारी रात्री गाडीत झोपायचं, शनिवारी सकाळी अहमदाबाद. एका रात्रीचं भाडं वाचलं. मुख्य स्टेशनला गावातली माणसं कालुपूर म्हणतात. पण तिकिटावर साबरमती की मणिनगर लिहिलंय का ते नीट वाचा, नाहीतर वाचवलेले पैसे रिक्षावाल्याच्या हातात. मुक्काम लाल दरवाजा किंवा रिलीफ रोडच्या बाजूला केलात, तर बरंचसं गाव पायीच होतं. लांब जायला मेट्रो आणि बीआरटीएसच्या बस आहेतच.

2017 मध्ये युनेस्कोनं भारतातल्या पहिल्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ते हेच. दिल्ली नाही, जयपूरही नाही; जयपूरचा नंबर 2019 मध्ये लागला. 1997 पासून महापालिका इथे सकाळचा हेरिटेज वॉक चालवते : सुरुवात कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरात, शेवट जामा मशिदीत. वाटेत पोळी लागतात. खायच्या नव्हेत, पोळ म्हणजे एकच दरवाजा असलेली, आतल्या आत वळत जाणारी वस्ती. पक्ष्यांना दाणे टाकायला खांबावर उभारलेला नक्षीदार चबुतरा. जुन्या घरांच्या चौकात जमिनीवर एक झाकण दिसतं, त्याखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. लांबेश्वरनी पोळमध्ये तर कवी दलपतराम पुतळ्याच्या रूपात ओट्यावर निवांत बसलेत. त्यांच्या शेजारी टेकून फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

मराठी माणसानं इथे जरा ऐटीत फिरायला हरकत नाही. 1753 मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी हे शहर घेतलं आणि पेशवे-गायकवाडांनी उत्पन्न निम्मं-निम्मं वाटून घेतलं. गायकवाडांची हवेली अजून आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर वकिली करायचे ते इथेच.

सिदी सय्यदची जाळी चुकवू नका. दगडात झाड कोरलंय, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि मागून ऊन आलं की दगड आहे हे विसरायला होतं. ही जाळी ज्या मशिदीची, ती 1573 च्या आसपासची. बांधणारा हबशी, म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्द्यांसारखाच मूळचा आफ्रिकेचा. आयआयएम अहमदाबादचं बोधचिन्हही या जाळीवरूनच घेतलेलं.

तिथून जवळच लकी रेस्टॉरंट. टेबलांच्या मधोमध चक्क कबरी! कठडे लावलेल्या. आणि शेजारी माणसं मस्का-बन चहात बुडवून खातायत. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी भेट दिलेलं चित्र. हुसेन जन्मानं पंढरपूरचे. त्यांनी आणि मूळ पुण्याच्या वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशींनी मिळून 'अमदावाद नी गुफा' केली : जमिनीखालची आर्ट गॅलरी, वर घुमट कासवांच्या पाठीसारखे. सोमवारी बंद, आणि उघडते तीही संध्याकाळीच.

साबरमती आश्रमाला तिकीट नाही. गांधीजी 1917 ते 1930 इथे होते. रोजच्या प्रार्थनेतली 'आश्रम भजनावली' जमवली ती पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी, गायनगुरू पलुस्करांच्या या शिष्यानं. विनोबांची कुटीही आवारातच आहे. कॅलिको म्युझियमही फुकट आहे, पण आगाऊ नाव नोंदवल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि बुधवारी बंद. जुन्या कापडाचा असा संग्रह फुकटात बघायला मिळतो, तर एवढी खटपट करायलाच हवी.

रात्री माणेकचौक. दिवसा इथे सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात, रात्री त्याच जागी तवे तापतात. चौकाचं नाव माणेकनाथ बाबाचं. दंतकथा अशी की हे शहर वसवणारा सुलतान अहमदशहा दिवसा तट बांधायचा आणि बाबा चटई विणायचा. रात्री बाबानं चटई उसवली की तटही कोसळायचा. खायला ग्वालियर डोसा, घुघरा सँडविच आणि चीज-चॉकलेट घातलेलं अननसाचं सँडविच. शेवटचं प्रकरण एकट्यानं संपवायच्या भानगडीत पडू नका. तिघांत एक पुरे.

गुजरात राज्यात दारूबंदी 1960 पासूनच आहे, म्हणजे बजेटातला एक आकडा आपोआप शून्य!

परतीचं तिकीट रविवारी रात्रीचंच काढा. कारण साबरमतीच्या काठावर, एलिस ब्रिजजवळ, रविवारी गुजरी बाजार भरतो. जुनी पुस्तकं, पितळी भांडी, घड्याळं, दिवाणखान्यातल्या खुर्च्या, सगळं उघड्यावर. घासाघीस करा, गुजराती येत नसेल तर हिंदीत करा. फक्त खुर्ची घेण्याआधी रेल्वेचा बर्थ केवढा असतो ते आठवा.