छोट्या गाडीच्या आठवणी गावातच जपूया



कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांवरची ही छोटी गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली. किती वारकऱ्यांना तिनं पंढरीला नेलं! आता तिथं मोठे रूळ आहेत. पण गँगमन, गार्ड, फिटर यांच्या घरांत अजून बिल्ले, शिट्ट्या, कंदील, पास आणि फोटो सापडतात. गावच्या वाचनालयात एक कपाट मिळालं, तरी हा ठेवा जपता येतो.

सर्वांत आधी नावं लिहून घ्यायची. फोटोतली माणसं ओळखणारी आजी गेली, की फोटो मुका होतो. कोण, कुठलं स्टेशन, साधारण कोणतं साल, हे तिला विचारा. नोकरीच्या कागदावर घरधन्याचं नाव असतं. पण रात्रपाळीचा डबा भरणारी, बदली झाली की सगळा संसार बांधून नेणारी बाई फक्त घरच्या फोटोत दिसते. तिथं ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहू नका, तिचं स्वतःचं नाव लिहा.

जुन्या कागदी फोटोच्या मागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीनं हलकं लिहावं. बॉलपेनचा दाब पुढं उमटतो, शाई पसरते. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उठत नाही. त्याची माहिती पाकिटावर लिहावी आणि मग फोटो आत घालावा.

फोटोला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये. ते पुन्हा निघत नाही. प्रत्येक फोटो वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावा. पेटी जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकून नको; वाळवी आणि बुरशी तिथंच धरते. पावसाळा सरला की पेटी उघडून बघावी.

पितळी बिल्ला चिंचेनं लख्ख घासायचा मोह आवरा. घासून घासून त्यावरचा नंबर झिजतो, आणि तो नंबरच त्याची ओळख आहे. कोरड्या मऊ फडक्यानं पुसणं पुरे. कंदिलातलं रॉकेल मात्र आधी काढून टाका.

वस्तू वाचनालयाला देताना वहीत नोंद करून पोच घ्यावी: वस्तू कोणती, कोणी दिली, कायमची की परतीच्या बोलीवर. दोघांच्या सह्या हव्यात. मूळ फोटो द्यायला मन होत नसेल, तर नक्कल द्या. सावलीतल्या उजेडात फोटो सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून मोबाईलवर टिपावा. नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. मोबाईल बिघडला तरी फोटो राहतो.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो आणावा. सोबत थोरल्या बाईलाही आणावं. एकीनं विचारावं, दुसरीनं वहीत लिहावं. कपाट मिळेल तेव्हा मिळेल, नावं मात्र त्याच दिवशी लिहून होतील.