गंजाचा कब्जा

ज्या गावी वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि पाऊस नसेल तेव्हा समुद्रावरची खारी हवा घराघरांतून फिरत असते, त्या रत्नागिरीत लोखंडी वस्तूला दीर्घायुष्य लाभावे अशी अपेक्षा सहसा कोणी बाळगत नाही. तरीही वखारीच्या कोपऱ्यात, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांमागे, गोणपाटाखाली झाकलेली एखादी जुनी मोटारसायकल या मुलखात अजून आढळते, आणि ती बहुधा तीन घराण्यांपैकी एका घराण्यातली असते. मद्रासला 1955 साली स्थापन झालेल्या एनफिल्ड इंडियाची बुलेट हे पहिले घराणे. दुसरे म्हैसूरच्या आयडियल जावाचे, ज्या गाडीचे 1973 पासून यझदी असे नामांतर झाले आणि ज्या कारखान्याला 1996 साली टाळे लागले. तिसरी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत. आजोबांनी हौसेने घेतलेली आणि वडिलांनी कंटाळून उभी करून ठेवलेली ही गाडी नातू एके दिवशी बाहेर ओढतो, धूळ झटकतो, आणि किकवर पाय ठेवतो. किक हलत नाही.

न हलणाऱ्या किकवर उभे राहून सारे अंग झोकून देणे हा अशा वेळचा पहिला अविचार होय. इंजिन जाम असता किकवर घातलेला भार तिच्या दातेरी चक्राला सोसावा लागतो, आणि पिस्टन तसूभरही न हलता त्या चक्राचे दात मात्र तुटून तेलात पडतात. दुसरा अविचार हातोडीचा. गॅरेजात एखादा नट सुटेना झाला की भोवती जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाला हातोडीच आठवते, आणि जाणता मेस्त्री मात्र पाना खाली ठेवून आधी नुसता पाहत बसतो. कारण भाग कशाने धरला आहे याचा निर्णय झाल्यावाचून तो कशाने सुटेल हे ठरवता येत नाही, आणि धरण्याची कारणे एकाहून अधिक असतात.

लोखंड गंजते तेव्हा ते झिजते एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण ते फुगतेही. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो, आणि नट-बोल्टच्या आट्यांमधील केसाएवढ्या फटीत ती जागा मिळत नसल्यामुळे तो दोन्ही अंगांना असा दाबून बसतो की कब्जा सोडायचे नाव घेत नाही. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी स्टड असेल तर प्रकरण अधिक बिकट. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्यामध्ये खारा ओलावा, ही सामग्री म्हणजे एक लहानसा विद्युत्-घटच होय. त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते आणि त्याच्या पांढऱ्या भुकटीने सारी फट ठासून भरते. खाऱ्या पाण्यात चालणाऱ्या यांत्रिक नौकांच्या तळाला पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात ते याच क्रियेच्या बंदोबस्तासाठी, म्हणजे जस्ताने झिजावे आणि पंख्याने वाचावे. मोटारसायकलच्या वतीने असा जामीन कोणी राहिलेला नसतो.

याखेरीज काही भाग गंजाविनाही घट्ट असतात, कारण ते तसेच बसवलेले असतात. क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसलेला रोटर ओढून निघत नाही. त्याला त्याचाच पुलर लावून स्क्रू ताणावा लागतो, आणि ताण पुरेसा झाल्यावर पुलरच्या डोक्यावर हातोडीचा एकच मोजका ठोका दिला की तो टक् असा आवाज करून मोकळा होतो. काही नटांचे आटे तर मुळातच उलटे असतात. बुलेटच्या टायमिंगकडील झाकणाआड, क्रँकच्या टोकावर, तेलाचे पंप फिरवणारा जो वर्म असतो तो अशांपैकी एक, आणि हे ठाऊक नसलेला उत्साही माणूस जितका जोर लावतो तितका तो अधिक आवळत जातो. मूळ पुस्तिका जवळ नसेल तर जुन्या माणसाला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, आटे मोडण्यात आहे.

गंजलेल्या आट्यांवर पहिला उपाय भिजवण्याचा. रॉकेल, डिझेल किंवा बाजारात मिळणारे आत झिरपणारे तेल रोज थोडे घालावे, मधून मधून हलके ठोके द्यावेत म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत शिरते, आणि या कामाला दिवसांची मुदत द्यावी, तासांची नव्हे. नट किंचित हलला की लगेच सोडवत सुटू नये. पाव फेरा सैल, पुन्हा तेवढाच घट्ट, पुन्हा सैल, असे करीत गेल्याने गंजाचा चुरा बाहेर पडतो. खाचा मोडत आलेल्या स्क्रूसाठी इम्पॅक्ट ड्रायव्हर नावाचे हत्यार असते. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली की तोच ठोका स्क्रूला खाली दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतोही, त्यामुळे टोक खाचेतून घसरत नाही. आम्लाचा मोह मात्र आवरावा. चिंच-आमसुलाने घरची पितळी भांडी उजळतात हे खरे असले तरी तीव्र आम्ल आणि कॉस्टिक सोडा ही दोन्ही द्रव्ये ॲल्युमिनियम खाऊन टाकतात, आणि त्या खाल्लेल्या जागेला पुढे इलाज नसतो.

दुसरा उपाय उष्णतेचा, आणि तो आपल्या लोहारांना मोटारीच्या कितीतरी आधीपासून अवगत होता. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती तापवून रुंदावायची आणि पाणी ओतून आवळायची, हेच तत्त्व इंजिनाच्या केसिंगला लागू पडते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. 62 मिलिमीटर व्यासाच्या बेअरिंगचे केसिंगमधील घर 100 अंशांनी तापवले तर ते सुमारे 0.14 मिलिमीटरने रुंदावते, पोलादी बेअरिंग त्याच्या निम्म्यानेच वाढते, आणि राहिलेला फरक इतका पुरेसा असतो की केसिंग उपडे धरून लाकडावर आपटले तर बेअरिंग आपण होऊन खाली पडते. ज्या बेअरिंगला थंड अवस्थेत छिन्नीने ठोकून घराच्या कडा कुरतडल्या जातात, तेच हे बेअरिंग. नवे बसवताना याच्या उलट करावे, घर तापवावे आणि बेअरिंग गारठवावे. मासळीच्या बंदरालगत बर्फाची वाण नसते, आणि बर्फात मीठ मिसळले की तापमान शून्याखाली सुमारे 21 अंशांपर्यंत उतरू शकते. बेअरिंगला ओल लागू नये म्हणून ते पिशवीत बांधून त्यात ठेवले की झाले. तापवण्यासाठी ज्योतीचा दिवा पेटवण्यापूर्वी मात्र पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर काढून दूर ठेवले आहेत, ही खातरजमा प्रत्येक वेळी करावी.

पण हीच उष्णता पिस्टनच्या बाबतीत घात करते, आणि इथे जरा थांबून पाहणे अगत्याचे आहे. बुलेट 350 चा पिस्टन ॲल्युमिनियमचा, 70 मिलिमीटर व्यासाचा, आणि सिलिंडर बिडाचा. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा असलेल्या स्थितीत गाडी पावसाळ्यानंतर पावसाळे उभी राहिली, तर सायलेन्सरच्या वाटेने ओल आत जाते आणि पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजून चिकटतात. सगळे इंजिन सावकाश तापवत बसले तर पिस्टनच अधिक फुगतो आणि पकड वाढते. तापवायचे तर फक्त सिलिंडर, बाहेरून, झपाट्याने, पिस्टनपर्यंत ऊब पोचण्यापूर्वी. हेड उतरवून पिस्टनवर डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण ओतून ठेवावे, पातळी उतरेल तसतसे पुन्हा घालावे, आणि पिस्टनच्या वरच्या बाजूला भिंतीवर जमलेला गंज एमरी कागदाने आधी साफ करावा, नाहीतर सुटलेला पिस्टन दोन बोटे वर येऊन पुन्हा तिथेच अडकतो. मग पिस्टनच्या माथ्याएवढा सागवानी गोल ठोकळा वर ठेवून ठोकावे. पिस्टन अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असेल तर मात्र ठोकू नये; त्या स्थितीत कनेक्टिंग रॉड क्रँकशी सरळ रेषेत असतो, क्रँक फिरू शकत नाही, आणि प्रत्येक ठोका थेट बिग एंडच्या बेअरिंगवर उतरतो.

याहून सभ्य उपाय ग्रीसचा. हेड जागेवर ठेवून, पुशरॉड काढून दोन्ही व्हॉल्व्ह मिटवून, स्पार्क प्लगच्या भोकात जोडणी बसवून हातपंपाने ग्रीस भरत जावे. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साधारण 38.5 चौरस सेंटिमीटर. ग्रीसचा दाब चौरस सेंटिमीटरला 100 किलो झाला की पिस्टनवर 3800 किलोंहून अधिक भार पडतो, तोही सर्वत्र समान आणि बिनआवाजाचा. पिस्टन या वेळीही टोकाला अडकलेला नसावा, आणि हवेच्या कॉम्प्रेसरने हा प्रयोग कधीही करू नये, कारण दाबलेली हवा सुटताना जीवघेणी ठरते.

तुटलेल्या स्टडची कथा सर्वांत जुनी आणि सर्वांत खर्चिक. स्टड शाबूत असेल तोवर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळावेत आणि खालचा नट फिरवावा म्हणजे स्टडच फिरू लागतो. तुटलाच तर अगदी मध्यावर पंच मारून ड्रिल करावे लागते, आणि त्या भोकात उलट्या पिळाचा एक्स्ट्रॅक्टर घालताना हात हलका ठेवावा लागतो. तो इतका कडक पोलादाचा असतो की आत मोडला तर साधे ड्रिल त्याला ओरखडाही काढू शकत नाही. माझ्या मते त्यापेक्षा वेल्डरकडे जाणे बरे. तुटक्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला की पकडायला नवे डोके मिळते, आणि वेल्डच्या धगीने तापून पुन्हा आकसलेला स्टड गंजाची मगरमिठी सोडतो. बॅटरी असल्यास तिच्या तारा आधी सोडाव्यात.

एवढा सोस कशासाठी, नवे केसिंग आणून बसवावे, असे कोणी म्हणेल. पण केसिंगवर इंजिनाचा क्रमांक कोरलेला असतो आणि तोच नोंदणीच्या दस्तऐवजात असतो. ते फुटले की गाडीची ओळख दफ्तरापुरती तरी संशयास्पद होते. शिवाय जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने जे नियम काढले त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या वाहनाला विंटेज म्हणून ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षे. इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा ही त्यातील अट आहे, तेव्हा गडबडीत फोडलेला एकेक भाग या हक्काला बाध आणू शकतो.

भाग सुटल्यावर आटे तारेच्या ब्रशने साफ करून, टॅप आणि डाय फिरवून, तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे ग्रीस लावूनच पुन्हा जोडावेत. आणि ज्यांची गाडी अजून जाम झालेली नाही त्यांनी मृग लागण्यापूर्वी एवढे अवश्य करावे: प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालावे, किक हाताने दोनचार वेळा दाबून ते पसरवावे, बुलेट असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत पिस्टन ठेवावा, सायलेन्सरच्या तोंडाला तेलाचे फडके कोंबावे, आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा फडके काढून किक फिरवावी.