आजार नाही, मग औषध कशाला?

घरातल्या एखाद्याला फुप्फुसाचा क्षयरोग झाल्याचे निदान होते आणि त्याचे औषध सुरू होते. काही दिवसांनी आरोग्य केंद्रातून निरोप येतो: घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्यावे आणि आजार नसला तरी प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात. साहजिकच घरात कुजबुज सुरू होते. “आम्हाला तर साधा खोकलाही नाही! शिवाय त्या गोळ्यांनी कावीळ होते म्हणतात.”

ही शंका रास्त आहे. आजारी माणूस औषधाचा थोडाफार त्रास सोसतो, कारण त्याला बरे व्हायचे असते. पण धडधाकट माणसाने औषध घ्यायचे, तर त्याचा फायदा धोक्यापेक्षा निश्चितच मोठा असायला हवा. तो तसा असतो का?

दडून बसलेला जंतू

क्षयाचा जंतू श्वासावाटे शरीरात शिरला की प्रत्येकाला क्षय होतोच असे नाही. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला जणू कोंडून ठेवते. यालाच सुप्त संसर्ग म्हणतात. अशा माणसाला कसलाही त्रास नसतो आणि त्याच्यापासून इतरांना लागणही होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत हा संसर्ग आढळला.

मग इतक्या सगळ्यांना गोळ्या द्यायच्या का? नाही. सुप्त संसर्ग असलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. पण हा धोका सर्वांना सारखा नसतो. लागण झाल्यावरची पहिली दोन वर्षे सर्वांत जोखमीची. म्हणूनच रुग्णासोबत राहणाऱ्यांकडे विशेष लक्ष दिले जाते. पाच वर्षांखालील मुलांत रोग झपाट्याने मेंदूपर्यंतही पोहोचू शकतो. एचआयव्हीबाधित, डायलिसिसवर असलेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनाही जास्त धोका असतो.

फायदा किती, धोका किती?

या उपचारातले सर्वांत जुने औषध म्हणजे आयसोनियाझिड. युरोपातील सात देशांत सुमारे २८ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली आणि १९८२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या लोकांच्या छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचे व्रण होते. नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या दर हजारांपैकी सुमारे १४ जणांना पाच वर्षांत क्षय झाला. सहा महिने खरी गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ वर आला.

आता दुसरी बाजू पाहू. याच चाचणीत वर्षभर गोळी घेणाऱ्या दर हजारांपैकी सुमारे ५ जणांच्या यकृताला सूज आली. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ होते. म्हणजे धोका आहे, आणि क्वचित तो जिवावरही बेतू शकतो. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत असे दिसले, की विशीच्या आतल्यांत ही सूज फारच विरळ असते, तर ५० ते ६४ वर्षे वयाच्या लोकांत ती सुमारे २.३ टक्क्यांना येते. रोज दारू पिणाऱ्यांत धोका आणखी वाढतो.

थोडक्यात, रुग्णाच्या कुशीत झोपणाऱ्या तीन वर्षांच्या नातवासाठी निर्णय सोपा आहे. त्याच घरातल्या, दारूचे व्यसन आणि यकृताचा विकार असलेल्या साठ वर्षांच्या काकांसाठी मात्र तो तितका सोपा नाही.

गोळ्या कमी झाल्या

पूर्वी सहा किंवा नऊ महिने रोज गोळी घ्यावी लागे. आता आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन ही औषधे एकत्र, आठवड्यातून एकदा, अशा बारा मात्रांत देता येतात. २०११ मधील एका मोठ्या चाचणीत यकृताचा त्रास या पद्धतीत ०.४ टक्के, तर नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडमध्ये २.७ टक्के लोकांना झाला. बारा मात्रा पूर्ण करणारेही जास्त निघाले. मात्र काहींना मात्रेनंतर ताप, अंगदुखी होते. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे स्त्रियांनी ध्यानात ठेवावे.

भारतात पूर्वी हा उपचार मुख्यतः लहान मुले आणि एचआयव्हीबाधितांपुरता होता. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तो रुग्णाच्या घरातील सर्व वयाच्या माणसांसाठी खुला केला.

हे जरूर करा

* आधी प्रत्यक्ष क्षय नाही याची खात्री करून घ्या. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना सांगा. रोग जागा असताना हा अपुरा उपचार घेतल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.
* घरातील रुग्णाचा क्षय औषधांना दाद न देणारा आहे का, हे विचारा. तसे असल्यास या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत.
* कावीळ, दारू, गरोदरपण आणि चालू असलेली औषधे यांविषयी काहीही लपवू नका.
* हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ जीवनसत्त्व द्यायचे का, ते विचारा.
* भूक मरणे, मळमळ, उलट्या, गडद लघवी, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

बरे वाटते म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका, कारण इथे बरे तर पहिल्या दिवसापासूनच वाटत असते! शेजाऱ्यांच्या ऐकीव गोष्टींवरून नाही म्हणू नका. आपले वय, आपले यकृत आणि रुग्णाशी आलेला आपला संबंध यांचा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा आणि मगच ठरवा.