तळाच्या संघाचा स्टॅन्ली कप

३ जानेवारी २०१९च्या सकाळी नॅशनल हॉकी लीगच्या गुणतक्त्यात ३१ संघ होते आणि सेंट लुईस ब्लूज अगदी तळाला होता. ३७ सामन्यांत फक्त १५ विजय, ३४ गुण. त्याच वर्षी १२ जूनला या संघाने लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ली कप उंचावला. हे कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर आधी बर्फावरच्या हॉकीच्या मोसमाचं गणित पाहायला हवं.

त्या मोसमात ऑक्टोबर ते एप्रिल प्रत्येक संघाला ८२ सामने खेळायचे होते. विजयाला दोन गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तरी एक गुण पदरात पडतो. त्या वर्षी ३१ पैकी १६ संघ प्लेऑफला, म्हणजे बाद फेऱ्यांना, जाणार होते. तिथे सातपैकी चार सामने जिंकेल तो पुढे, अशा चार फेऱ्या. ८२ पैकी ३७च सामने झाल्यामुळे जानेवारीत तळाला असलेल्या ब्लूजच्या हातात अजून ४५ सामने होते.

पडझड सावरण्याची सुरुवात नोव्हेंबरमध्येच झाली होती. प्रशिक्षक माइक यो यांना हटवून क्रेग बेरुबे यांच्याकडे हंगामी सूत्रं देण्यात आली. फळ लगेच मिळालं नाही. डिसेंबरमध्ये सरावातच दोन सहकारी खेळाडू एकमेकांवर धावून गेले, इतका ताण होता. बेरुबे यांनी खेळ सोपा केला: पकचा (खेळातल्या चकतीचा) पाठलाग करा, अंगाला अंग भिडवा, समोरच्याला त्याच्याच गोलपाशी कोंडून ठेवा.

मग ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन या २५ वर्षांच्या गोलरक्षकाला लीगमध्ये प्रथमच सुरुवातीपासून उतरवलं. फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने एकही गोल होऊ दिला नाही. आदल्या मोसमात त्याला बॉस्टन ब्रुइन्सच्या दुय्यम संघाकडे उसनं पाठवलं होतं. गोलवर भरवशाचा माणूस आला की बचावपटू बिनधास्त पुढे सरकतात, एका चुकीने सामना जाईल ही धास्ती उरत नाही. ब्लूजने सलग ११ सामने जिंकले. उरलेल्या ४५ सामन्यांत ६५ गुण मिळवून साखळी ९९ गुणांवर संपवली.

प्लेऑफमध्ये विनिपेग हरला. डॅलसविरुद्धच्या सातव्या सामन्यात दुसऱ्या जादा सत्रात पॅट मरूनने विजयी गोल केला. तो सेंट लुईसचाच मुलगा. त्यानंतर सॅन होजेही गारद झाला. अंतिम फेरीत गाठ पडली ती बॉस्टनशी, आणि सातवा सामना बॉस्टनच्याच मैदानावर. पहिल्या सत्रात यजमानांनी १२ फटके मारले, बिनिंग्टनने बाराही अडवले. ब्लूजचे फटके फक्त चार, त्यांतले दोन आत गेले. दुसरा गोल कर्णधार अ‍ॅलेक्स पिएट्रांजेलोचा, सत्र संपायला आठ सेकंद असताना. सामना ४-१ असा जिंकला. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला रायन ओ’राइली, ज्याने अंतिम फेरीतल्या शेवटच्या चारही सामन्यांत गोल केला होता.

१९६७मध्ये लीगमध्ये आलेल्या या संघाने पहिल्या तीन मोसमांत अंतिम फेरी गाठून तिन्ही वेळा हार पत्करली होती. कप यायला अर्धशतकाहून जास्त काळ गेला. मोसम लांब असतो तो उगीच नाही: चूक ओळखायला, माणसं बदलायला आणि बदललेल्या माणसांवर विश्वास बसायला वेळ लागतो. ब्लूजने तो वेळ वाया घालवला नाही, म्हणूनच हा कप त्यांनी कमावलेला आहे.